जिवंत झालेल्या मेंढ्या

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आसिया मेहमूद तांबोळी हिनं संस्थेचा कॉम्प्युटर सुरू केला, तेव्हा श्रावणात मेलेली एक मेंढी जिवंत झालेली होती.

आसियाला आधी वाटलं, आपणच कानातल्या बिल्ल्याचा नंबर चुकीचा टाकला. तिनं दुसरी मेंढी काढली, मग तिसरी. पावसाळ्यात लाळ्या-खुरकुतानं गेलेली सगळी जनावरं पडद्यावर धडधाकट उभी होती. आणि आषाढापासून जन्मलेल्या एकाही कोकराचा पत्ता नव्हता.

शिरूरच्या या मेंढीपालक संस्थेत दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या कळपांची वंशावळ ठेवली जाई. कुठल्या कोकराचा बाप कोण, आई कोण, कोणता मेंढा कुठल्या वाडीला दिला, ते सगळं. इनामगावापासून यवतपर्यंत हिंडून माहिती आणायची संस्थेच्या माणसांनी आणि मशीनमध्ये भरायची आसियानं. दिवाळीनंतर कळप चराईला बाहेर पडत. त्याआधी सभा भरे आणि पुढच्या वर्षाचे मेंढे निवडले जात. ती सभा आता तोंडावर आली होती आणि अख्ख्या पावसाळ्याची वंशावळ नाहीशी झाली होती.

सेक्रेटरी आनंदराव लकडे यांनी निदान करायला वेळ लावला नाही. मशीन एकटी आसिया चालवते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिचं आणि आनंदरावांचं सगळ्यांदेखत वाजलं होतं. 'मी गेल्यावर तुमचं मशीन तुम्हीच सांभाळा,' असं ती म्हणाली होती, हे दहा जणांनी ऐकलं होतं. शिवाय कारेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला तिची नेमणूक ठरत आली होती. जाता जाता रागानं सगळं पुसून गेली, असं आनंदरावांचं म्हणणं. दोन दिवसांत ते बाजारपेठेत सगळ्यांचं म्हणणं झालं.

अध्यक्ष रखमाजी कोकरे यांनी, म्हणजे सगळ्यांच्या आबांनी, दौंडला पुतणीला फोन केला. सुषमा कोकरे कॉम्प्युटर इंजिनियर होती. दौंडला तिचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि संस्थेचं मशीन तिनंच बसवलं होतं. सभेच्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती शिरूरला उतरली. आबांनी तिला चहासुद्धा विचारला नाही.

"सुषमे, दुपारी लोकं जमत्याल. तवर सापडलं तर ठीक. न्हाईतर सभा झाली की मी पोलिसात अर्ज देनार हाय. लिवून तयार हाय, सही तेवढी ऱ्हायलीय."

"आणि तिनं केलं नसेल तर, आबा?"

"मग कुनी केलं त्ये सांग."

२

आसियाला ऑफिसात यायची बंदी होती. ती संस्थेच्या आवाराबाहेर, कडुलिंबाच्या पारावर बसली होती. सुषमा तिच्याशेजारी जाऊन बसली. आवारात गोठ्याच्या सावलीला मेंढपाळ जमायला लागले होते. त्यांच्यातले दोघे-तिघे आसियाकडे बघत होते आणि तिनं वर पाहिलं की मान वळवत होते.

सुषमानं विचारलं ते सगळं तिनं सरळ सांगितलं. भांडणाच्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखं मशीन बंद केलं. खंडेनवमीची आणि दसऱ्याची सुट्टी होती, ती घरीच होती. परत आली ती थेट जिवंत झालेल्या मेंढ्यांसमोर.

"भांडण कशावरून झालं?"

"सेक्रेटरींचा मेंढा आहे ना, सरदार. गेल्या वर्षी तो पाच-सहा वाड्यांना दिला. यंदा त्याची कोकरं लुळी निघाली, काही उभीच राहिली नाहीत. मी वंशावळ लावून बघितली. ज्या मेंढ्यांना तो दिला, त्या त्याच्याच बापाच्या. म्हणजे बहिणीच. ते मला म्हणाले, सरदारच्या बापाचं नाव बदल. मी म्हटलं, नाव बदलून कोकरं उभी राहतील का?"

"हे आबांना सांगितलंस?"

"आबा सेक्रेटरींच्या कानानं ऐकतात, ताई. आणि आता तर मी पुसणारी. पुसणारीचं कोण ऐकतं?"

कारेगावची नोकरी अजून आहे का, असं सुषमानं विचारलं. आहे, असं आसिया म्हणाली. कारखान्यानं हजर व्हायच्या आधी पोलिसांचा दाखला मागितला होता. आबांची सही झाली की दाखला मिळणार नव्हता. आणि दाखला नसलेल्या मुलीला शिरूरमध्ये तरी कुणी पुन्हा कुठल्या मशीनला बसू दिलं असतं, असं दोघींनाही वाटत नव्हतं.

सुषमा उठली. आसियाजवळ पुसायला कारण होतं, हे तिनं मनात मान्य केलं. पण पुसलं जाण्यात जास्त फायदा कुणाचा, याचं उत्तर वेगळं येत होतं. आसियानं रागानं काही पुसलंच असतं, तर आनंदरावांच्या मेंढ्याचं बिंग तिनं पहिलं राखून ठेवलं असतं.

३

मशीनवर लिनक्स होतं, कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळे आणि वीज गेली-आली तरी कुरकुरत नसे, म्हणून सुषमानं ते निवडलं होतं. लिनक्स आपल्या पोटात काय काय झालं, याची नोंद ठेवतं. सुषमानं ती चाळली. कुणी काही पुसल्याची खूण कुठंच नव्हती.

मग तिनं वंशावळीतलं शेवटचं कोकरू शोधून काढलं. ते ज्येष्ठाच्या अखेरीला जन्मलेलं होतं. त्यानंतर सगळं कोरं.

तारीख बघून तिचा हात थांबला. त्याच दिवशी ती स्वतः इथं आली होती. जुनी डिस्क भरत आली होती, म्हणून एका कारखान्यानं मोडीत काढलेली मोठी डिस्क आणि ती चालवणारं कंट्रोलर कार्ड तिनं बसवलं होतं. मोडीतल्या कॉम्प्युटरच्या सामानाचा धंदा करणाऱ्या कारेगावच्या शाहनवाजनं ते दोन्ही आणून दिलं होतं. डिस्क थेट मशीनला जोडता येत नव्हती. मशीन कार्डाशी बोलणार, कार्ड डिस्कशी बोलणार. त्या कार्डाची भाषा लिनक्सला शिकवण्यात तिचा अख्खा दिवस गेला होता.

दारात आबा येऊन उभे होते. "काय झालं?"

"आबा, घोंगडीवर दुसरी घोंगडी अंथरली तर खालची दिसते का?"

"न्हाई दिसत."

"वरची काढली तर?"

"दिसंल की. त्यात काय?"

नवी डिस्क लावली तेव्हा जुनी वंशावळ आपण तशीच खाली ठेवली होती, असं तिनं सांगितलं. नवी डिस्क त्याच जागेवर अंथरली, सगळं तिच्यावर नेलं आणि पुढचं काम तिच्यावर सुरू झालं. लिनक्समध्ये असंच असतं. वरची डिस्क लागली की खालचं झाकलं जातं आणि वरची लागलीच नाही, तर खालचं जुनं उघडं पडतं. मशीन तक्रारीची एक ओळ दाखवतं आणि पुढं निघून जातं. ती ओळ वाचायला समोर कुणी असेलच असं नाही.

"म्हणजे मेंढ्या जिवंत झाल्या नाहीत, आबा. आपण ज्येष्ठातल्या मेंढ्या बघतोय. पावसाळा वरच्या घोंगडीवर आहे."

"आन् ती कुठं हाय?"

तिनं मशीनला विचारलं, कार्ड दिसतं का. नाही, असं उत्तर आलं. डिस्क कोरी आहे असं नव्हे, पुसलेली आहे असंही नव्हे. कार्डच नाही, म्हणून डिस्कही नाही. पुसणाऱ्यानं डिस्क रिकामी केली असती, पण ती दिसली असती.

तिनं वीज बंद केली आणि पेटीचे स्क्रू काढले. कार्ड होतं, जागच्या जागी नीट बसवलेलं. विचित्र होतं ते दुसरंच. शिरूरच्या धुळीत तीन महिन्यांवर चाललेल्या पेटीच्या पोटात धुळीचा कणही नव्हता. आणि आतून करडईच्या तेलाचा वास येत होता.

४

बिरदेव संस्थेत जनावरांची लोकर कातरायचं आणि कातरींना धार लावून करडईचं तेल लावायचं काम करी. आयटीआय केलेला, हाताचा स्वच्छ. सुषमानं त्याला गोठ्यामागं गाठलं. सुट्टीत मशीनवर कुणी काम केलं का, असं आनंदरावांनी त्याला आधीच विचारलं होतं आणि तो नाही म्हणाला होता.

"खोटं न्हाई बोललो, ताई," तो म्हणाला. "खंडेनवमीला कोन हत्यार चालवतं का? त्या दिशी हत्याराला इसावा."

"पण पूजा केलीत."

"ती तर केलीच. कातरी, वजनकाटा, सगळं मांडलं पाटावर. आबा म्हनले, हितं आता निम्मं काम कॉम्प्युटर करतो, त्याचीबी मांडा. आता पूजा पेटीची करायची का हत्याराची? कातर काय म्यानासकट पुजतो का आपन? म्हनून पेटी उघडली. धूळ मायंदाळ हुती, ती झाडली. आतली ती पट्टी काढली, सोनेरी दातांची. दात दिसले म्हंजी हत्यार तेच असनार."

"आणि तेल?"

त्यानं मूर्ख प्रश्न विचारल्यासारखं तिच्याकडं पाहिलं. "कातरीला लावतो तसंच. घासून-पुसून तेलाचा बोळा फिरवल्याबिगर हत्यार पाटावर ठेवत न्हाईत, गंज धरतो. मग हळद-कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिशी सकाळी व्हतं तसं बसवलं. एक स्क्रूबी उरला न्हाई."

सुषमाला रागावता येईना. लोखंडाला जे तेल तारतं, त्यानंच कार्डाच्या दातांवर हळदीचा चिकट लेप बसवला होता आणि बसवताना तो खाचेत भरला होता. मशीन आणि कार्ड यांच्यात तो कागदासारखा पडदा झाला होता. हे कुणाच्या डोक्यात येण्याजोगं नव्हतं. आबांनी पूजा सांगितली आणि विसरले, कारण पूजेनं हत्यार बिघडतं हे त्यांनी सात पिढ्यांत ऐकलं नव्हतं.

"आसियाचं नाव आलं तेव्हा तरी बोलायचंस, बिरदेव."

मला शंका आली होती, असं बिरदेवनं सांगितलं. सेक्रेटरींना ती बोलूनही दाखवली होती. मग मान वर न करता म्हणाला, "त्ये म्हनले, गप ऱ्हा. पूजेचं नाव मधी आनलंस तर आबास्नी लागंल. आन् तुझी नोकरी बी बघ म्हनले."

सुषमा तशीच ऑफिसात गेली आणि तिनं कारेगावला शाहनवाजला फोन लावला. कार्ड नादुरुस्त आहे का, एवढंच विचारायचं होतं. शाहनवाजला तिच्या फोनचं नवल वाटलं नाही.

"अरे मॅडम, ते तर मी दसऱ्याच्या दिवशीच सांगितलं तुमच्या सेक्रेटरी साहेबांना. त्यांचा फोन आला होता ना. कार्ड बाहेर काढून बसवलं आणि चालेना झालं, तर डिस्कमधलं जातं काय म्हणून. मी बोललो, कायको जाएगा, कार्ड ठीक करा, सगळं जागच्या जागी मिळेल."

"ते काय म्हणाले?"

"बोलले, कटकट नको, नवीन डिस्क दे, जुनी बदल्यात घेऊन जा. आज संध्याकाळी येतोय मी घ्यायला. जुनी धुवून, म्हणजे कोरी करून, दुसऱ्याला द्यायची म्हणून सकाळपासून गिऱ्हाईकपण थांबवून ठेवलंय."

सुषमानं फोन ठेवला. मागे वळली तर आनंदराव दारात उभे होते आणि किती वेळ उभे होते, ते कळायला मार्ग नव्हता.

५

"काय म्हणतो शाहनवाज?" आनंदरावांनी विचारलं.

"कार्ड ठीक करा म्हणतो."

ती खाली बसली, कार्ड काढलं आणि कामाला लागली. आनंदराव खुर्ची ओढून बसले, निघाले नाहीत. तिनं शाळकरी खोडरबरानं दात घासले, स्पिरिटचा कापूस फिरवला. कापूस पिवळाजर्द निघाला. कार्ड परत बसवून मशीन सुरू केलं. कार्ड दिसेना.

"जळलेलं दिसतंय," आनंदराव म्हणाले. "उगं वेळ घालवताय, सुषमाताई. ही पोरगी काही धुतल्या तांदळाची नाही."

बाहेर लोकांचा आवाज वाढला होता. आबा एकदा डोकावून, घड्याळाकडं बघून गेले. सुषमानं कार्ड पुन्हा काढलं. दात स्वच्छ होते, पण खाचेच्या तळाशी हळद दिसत होती. तिथवर कापूस पोचत नव्हता. शेजारची खाच मोकळी होती, तिच्यात कधी काहीच बसलं नव्हतं. तिनं कार्ड तिथं लावलं आणि वीज दिली.

काळ्या पडद्यावर ओळी धावल्या. त्यांच्यात कार्डाची एक ओळ आली आणि गेली. तिनं हातानं आज्ञा देऊन लिनक्सला कार्डाची भाषा पुन्हा एकदा वाचायला लावली. पेटीतून डिस्क फिरायला लागल्याचा बारीक आवाज आला, आधी कण्हल्यासारखा, मग सलग. डिस्क दिसली. तिनं ती जागेवर अंथरली.

कोकरं आली. पावसाळाभराची सगळी. आणि सरदारच्या नावाखाली लुळ्या कोकरांची रांग आली, प्रत्येकापुढं बाप आणि आई, आणि दोघांचाही बाप एकच.

सुषमानं आबांना आत बोलावलं. आसियालाही बोलवा म्हणाली. आबांनी कपाळाला आठी घातली, पण बिरदेवला पाठवलं. दार लावून घेतल्यावर तिनं सगळं क्रमानं सांगितलं: पूजा, तेल, खाच, झाकलेली आणि उघडी पडलेली वंशावळ. चूक कुणाची असेल तर ती बिरदेवच्या अज्ञानाची, आणि तिच्यात पाप नाही, असं ती म्हणाली.

"पण चूक होणं एक आणि चुकीचा फायदा उठवणं वेगळं. दसऱ्याच्या दिवशी मशीन कुणीतरी सुरू केलं. सरदारच्या लुळ्या कोकरांची नोंद नाहीशी झालेली बघितली. खंडेनवमीला कार्ड पाटावर बघितलेलं असल्यामुळं कारण ओळखलं आणि शाहनवाजला विचारून खात्री करून घेतली, की माहिती शाबूत आहे. आसियाला मशीनसमोर बसायला अजून एक दिवस होता. म्हणजे तिनं पुसलं नाही, हे तिच्यावर आळ घेण्याआधीच त्यांना माहीत होतं."

आबांनी आनंदरावांकडं पाहिलं. आनंदराव म्हणाले, फोन केला होता, पण शाहनवाजच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवणार, तो काय मोठा इंजिनियर आहे का. मग म्हणाले, आबांच्या पूजेला बोल लागू नये, एवढाच हेतू.

"मग डिस्क बदल्यात का देऊन टाकत होता?" सुषमानं विचारलं. "संध्याकाळी तो येणार होता. नेल्यावर ती धुतली असती. मग मात्र सगळं खरंच पुसलं गेलं असतं, आणि पोलिसात नाव हिचं."

आबांनी खिशातला अर्ज काढला, फाडला आणि तुकडे परत खिशात घातले.

"झालं त्ये झालं," आबा म्हणाले. "आनंदराव आजपासनं सेक्रेटरी न्हाईत. काय कारन सांगायचं त्ये बघू, तब्येतीचं सांगू. सभेत बोभाटा नको. पोरी, तू उद्यापासनं कामावर ये."

आसिया भिंतीला टेकून उभी होती. "चोर म्हणताना सगळा बाजार होता, आबा," ती म्हणाली. "नव्हती म्हणताना या खोलीतली पाचच माणसं?"

"तुझं नाव साफ झालं की."

"कुठं झालं? अब्बांनी तीन दिवस दुकान उघडलेलं नाही. शिवायला टाकलेले कपडे लोक घरी येऊन परत घेऊन गेले. त्यांना तुमची ही खोली कोण सांगणार?"

आबांचा हात फेट्याकडं गेला. बाहेर कुणीतरी विचारत होतं, सभा हाय का न्हाई. सुषमाला वाटलं, आबा आता संतापतील. लहानपणापासून तिनं त्यांना कुणापुढं वाकताना बघितलं नव्हतं. पण त्यांनी दार उघडलं आणि ते गोठ्याकडं गेले.

तिथं ते थोडकंच बोलले. पोरीनं काही पुसलेलं नाही. पेटी उघडायला मी लावली. मग त्यांनी सरदारच्या कोकरांचं सांगितलं, आनंदरावांचं सांगितलं, तब्येतीचा विषय काढला नाही. ज्यांच्या वाड्यांना तो मेंढा गेला होता, ती माणसं उठून उभी राहिली. गलका सुरू झाला तेव्हा आबांनी मेंढ्यांची निवड बिरदेव आणि सुषमावर सोपवली आणि ते पायी आवाराबाहेर पडले.

बाजारपेठेत दुपारची गर्दी होती. मेहमूद तांबोळींच्या दुकानाचं शटर खाली होतं. शेजारच्या किराणावाल्यानं आबांना ओळखून आत बसायला बोलावलं. ते गेले नाहीत. ते शटरसमोरच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे बसले. रामराम घालणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी थांबवलं आणि आपण इथं कशाला बसलो आहोत, ते सांगितलं. काही ऐकून निघून गेले, काही थांबले. मागून आलेली आसिया रस्त्याच्या पलीकडं उभी राहून बघत होती.

ऊन उतरलं तरी शटर उघडलं नव्हतं. आबा उठले नाहीत.